शिवेवरचा जागल्या

आफ्रीनने मला 'फुप्पी', म्हणजे आत्या, म्हणायचं थांबवलं, त्याच पावसाळ्यात आमच्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली. घरात दोन्ही गोष्टींवर बोलणं चाले, पण वेगवेगळ्या खोल्यांत. बाहेर अब्बा आणि माझा भाऊ जिशान ऑर्डरींचं बोलत. आत माझी भावजय नूरी आफ्रीनला मांडीवर घेऊन एकेक शब्द पुन्हा शिकवायला बघे. "बोल बेटा, पानी. पानी." आफ्रीन तिच्या ओठांकडे बघत राही आणि हातातलं बाहुलं तोंडात घाली.

तिला अजून दोन वर्षं पूर्ण व्हायची होती. उन्हाळ्यापर्यंत ती नीट बोलत होती. अम्मी, पानी, चिऊ, फुप्पी. मग शब्द एकेक करून गळायला लागले. आधी चिऊ गेली, मग पानी. माझा शब्द सगळ्यात शेवटी गेला. रंग उतरला, भूक उतरली, आणि दुपारी कधीतरी पोट धरून ती जमिनीवर वेटोळं करून पडायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. काही मुलं उशिरा बोलतात, असंही सांगितलं.

"उशिरा बोलनं अलग असते डॉक्टरसाब," नूरी म्हणाली. "हे तर बोलून राह्यली होती."

ती तोंडात घाली ते बाहुलं आमच्याच कारखान्यातलं होतं. त्याचं नाव जागल्या.

चंद्रपुरात परकोटाच्या भिंतीला लागून आमची टिनाची शेड आहे. अब्बा, म्हणजे हाफिजभाऊ, तिथे हातमशीनवर प्लॅस्टिकचे कंगवे आणि साबणदाण्या काढत. ब्याण्णव साली गावातल्या एका दुकानात परदेशी बाहुले आले. फुगलेले दंड, हातपाय वळणारे, आणि किंमत अशी की पोरं फक्त काचेतून बघत. अब्बांनी दुकानदाराकडून एक बाहुला संध्याकाळपुरता मागून आणला, जेवणानंतर सांधे मोकळे केले, आणि आत तारेचा एक आकडा आणि एक रबर निघालं.

"येवढंच?" अब्बा म्हणाले. "येवढ्यासाठी विलायतेले जा लागते?"

वर्षभरात त्यांनी स्वतःची पाच बाहुली काढली. पाकिटावर नाव होतं 'बहाद्दर'. फॉरेस्ट गार्ड, डाकू, पहिलवान, घोडेस्वार आणि जागल्या. धान भरात आलं की रानडुकरांपासून राखायला रात्रभर मचाणावर जागतो तो जागल्या. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील. त्याचा साचा कोरताना कारागिराची छिन्नी घसरली आणि डोळे जरुरीपेक्षा मोठे झाले. पापण्यांना जागाच उरली नाही. साचा पुन्हा करायचा खर्च नको म्हणून अब्बांनी तसाच चालवला.

पहिली दोन वर्षं गावातली पोरं पाचही बाहुल्यांच्या मागे होती. शाळेत अदलाबदल चाले, डाकूवरून मारामाऱ्या होत. नंतर गावातलं वेड ओसरलं, पण खेड्यांतून मागणी वाढली, आणि तीही एकट्या जागल्याची. महाकालीच्या यात्रेत जागल्या, मार्कंड्याच्या जत्रेत जागल्या. जिवतीच्या डोंगरावरच्या दुकानांत तो बिस्किटांच्या बरणीशेजारी उभा असे, आणि मोहर्लीला सफारीच्या जीपवाल्यांनी त्याला काचेमागे बांधलं होतं. पहिलवान आणि डाकूचे साचे कोपऱ्यात गंजले. शेडमध्ये रबर ओवायला बसणाऱ्या बायका वाढल्या. त्यांची पुढारीण धुरपता रोज मूल गावाच्या वाटेवरच्या आपल्या खेड्यातून बसने येई आणि काम करता करता बाहुल्याशी बोले. "डोये कायले वटारतं बे? मी का तुही सासू हाव?"

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. सुट्टीत कारखान्याचा हिशेब माझ्याकडे असे. आलेखाच्या कागदावर मी महिन्यांप्रमाणे जागल्याची विक्री मांडली आणि मला तो आलेख उलटा वाटला. खेळणं दिवाळीला खपायला पाहिजे. हे दिवाळीला पार खाली होतं. आषाढात चढत होतं आणि पोळ्याच्या आसपास शिगेला जात होतं. म्हणजे ज्या दिवसांत हिवताप असतो, धानाची रोवणी असते आणि खेड्यात कुणाच्या हातात खेळण्याला पैसा नसतो, त्याच दिवसांत. शिवाय एकट्या कुरखेडा तालुक्यात आम्ही इतके जागल्ये पाठवत होतो की तिथल्या लेकरांच्या दोन्ही हातांत दिले तरी उरले असते.

मी अब्बांना विचारलं.

"गिऱ्हाईक देव असते," ते म्हणाले. "देवाले कारन इचारत नाई."

"मी विचारून येते."

"जा मंग. जिशान जाऊनच राह्यला माल घेऊन."

जिशानच्या मॅटॅडोरमध्ये खोक्यांवर हात ठेवून मी कुरखेड्याला गेले. पाऊस थांबून थांबून पडत होता. आठवडी बाजारात गुणाबाई नावाच्या बाईकडे आमचा माल उतरे. घरी धानाची शेती होती, आणि बाजारच्या दिवशी ती मुरमुरे, फुटाणे आणि जागल्ये घेऊन बसे. मुरमुऱ्यांवर प्लॅस्टिकचा कागद टाकला होता, जागल्ये उघड्यावर ओळीने भिजत उभे होते.

"गुणाबाई, पोरांना एवढा आवडतो का हा?" मी विचारलं.

ती हसली. "पोराईले? पोराईले कोन देते? हा का खेळाचा आहे का?"

मग तिने जे सांगितलं ते असं. घरात लेकरू आजारी पडलं की जागल्या आणतात. तो उशाशी ठेवायचा. लेकरू झोपतं, आई झोपते, हा झोपत नाही. त्याच्या डोळ्यांना पापणी नाही, म्हणून पीडा त्याच्याकडे बघते आणि त्याच्यात शिरते. ताप उतरला की त्याला शेंदूर फासायचा आणि मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावातली सगळी रोगराई हाकलतात तेव्हा, शिवेवर नेऊन उभा करायचा. तोंड गावाबाहेर. फारच जोराचं दुखणं असेल तर मारबतीची वाट न बघता.

"आंधी मातीचं बाहुलं करो आमी," गुणाबाई म्हणाली. "पन ते पान्यात इरघळून जाये. पीडा तिथीच राहे, शिवेवर. तुमचा जागल्या इरघळत नाई. तो जाते."

"जातो म्हणजे?"

"जाते म्हनजे जाते. आठ-पंधरा रोजानं पाहा, तिथी नसते. पीडा घेऊन निघून जाते तो. म्हनून तं लोक इस्वास करते."

मी तिच्याबरोबर शीव बघायला गेले. धानाच्या बांधीच्या कडेने, मोहाच्या एका झाडाखाली ते उभे होते. मोजायची मला सवय आहे, पण मी मोजले नाहीत. सगळ्यांची तोंडं बाहेर, समोरच्या जंगलाकडे. ओल्या शेंदराने सगळे लाल, आणि त्या लालातून फक्त डोळे पांढरे. सगळे ताजे होते. जुना, उन्हात विटलेला असा एकही नव्हता. गुणाबाईने मला झाडापासून चार पावलं अलीकडेच थांबवलं.

"हात नको लावू माय. इथं ठेवलेलं घरात नेत नसते. वापस आलं तं दुपटीनं येते."

परतीच्या वाटेवर जिशान शिट्टी वाजवत गाडी हाकत होता. "म्हणजे पोळ्यापर्यंत मशीन बंद नाई करायची," एवढंच तो म्हणाला.

प्लॅस्टिक चालत जात नाही. मला ते नेणारा हवा होता, आणि तो दोनच दिवसांत आमच्याच शेडमध्ये दिसला. वारलू भंगारवाला. सायकलला दोन्ही बाजूंनी पोती बांधून तो आणि त्याचे भाऊबंद गावोगाव फिरत, मुरमुरे देऊन फुटकं प्लॅस्टिक घेत, आणि ते आम्हाला आणून देत. प्लॅस्टिकचा नवा दाणा महाग. त्यामुळे अब्बा निम्म्याहून जास्त माल भंगार दळूनच काढत. त्या दिवशी वारलूने ग्राइंडरपुढे पोतं पालथं केलं तेव्हा फुटक्या बादल्या, चपलांचे तळवे, आणि त्यांच्यातून घरंगळत लाल जागल्ये बाहेर आले. त्यांची वाळलेली लाली फरशीवर भुकटीसारखी सांडली.

"वारलूभाऊ, हे कुठून आणले?"

"भेटते ना बाई. हरेक गावच्या शिवेवर भेटते."

"ते उचलायचे नसतात ना?"

"घरात न्याचे नसते," तो शांतपणे म्हणाला. "मी कुठी घरी नेतो? सायकल आंगनातबी नाई लावत. सीधा इथी आनतो. आगीत गेलं म्हनजे गेलं. आगीतून पीडा येते का मांगं?"

अब्बा मशीनचा दांडा ओढता ओढता हसले. "कायची पीडा बे? वितळलं की सारं सारखंच असते."

म्हणजे हे असं चाललं होतं. जागल्या आमच्या साच्यातून निघून गावात जायचा, उशाशी बसायचा, शेंदूर लावून शिवेवर उभा राहायचा, आणि वारलूच्या पोत्यातून पुन्हा आमच्या ग्राइंडरमध्ये यायचा. मग त्याच गावात, नव्या पाकिटात. नाहीसा होतो म्हणून लोकांचा विश्वास वाढत होता. विश्वास वाढत होता म्हणून शेंदूर वाढत होता. आणि पहिल्या वर्षी खाकी असणारा आमचा जागल्या गेल्या दोन वर्षांत, कुठलाही रंग न घालता, विटकरी झाला होता. अब्बा म्हणत, रंग छान आलाय, बिनखर्चाचा.

आफ्रीनच्या हातातला विटकरीच होता.

बाजारात मिळणारा शेंदूर पुष्कळदा शिशाचा असतो, हे पुस्तकात होतं. पण पुस्तकात आहे म्हणून मी घरात बोलले नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन एका नव्याकोऱ्या जागल्याचा पाय कापला, मुशीत जाळला, राख नायट्रिक ॲसिडमध्ये घेतली आणि गाळली. गाळलेलं पाणी स्वच्छ होतं. त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकल्याबरोबर नळीत पिवळं दाटून आलं. शिसं. ती नळी तापवली तर पिवळं विरघळून जातं, आणि निवताना त्याचे बारीक चकचकीत पत्रे होऊन खाली उतरतात. आमच्या सरांचा तो आवडता प्रयोग होता, ते त्याला सोन्याचा पाऊस म्हणत. मी नळी तापवली नाही.

घरी येऊन आफ्रीनच्या हातातलं बाहुलं काढलं तर ती रडली नाही. नुसतं रिकाम्या मुठीकडे बघत बसली. त्या बाहुल्याचा डावा पाय तिने चावून चपटा केला होता आणि कंदील पार तुटला होता. तुकडा कुठे गेला ते विचारायची गरज नव्हती.

"अब्बा, यात शिसं आहे. शेंदराचं. दर फेरीला वाढतंय. आफ्रीनला त्याचंच झालंय."

"शेंदूर लोक देवाले लावते," अब्बा म्हणाले. "देव मरते का?"

"देव चाटत नाही, अब्बा."

अब्बा वाईट नव्हते आणि मूर्खही नव्हते. आफ्रीनच्या उशाशी रात्र रात्र बसत होते. पण मारबत तीन आठवड्यांवर आली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मालासाठी माणसं शेडपुढे उभी होती.

"तिले बाहुलं नको देऊ. आन् नागपूरले दाखवून आना," ते म्हणाले. "मशीनचं पोळा झाल्यावर पाहू."

"आणि बाकीची पोरं? त्यांच्या उशाशी..."

"बाकीचे चाटत नाई. उशाशी ठेवते, तूच म्हनते."

"तापातलं पोर उशाशी ठेवलेलं काय करतं, अब्बा?"

जिशान मधे पडला. "बी.एस्सी. पुरी तं होऊ दे, मंग कारखाना बंद कर."

मी अब्बांना कॉलेजात चला, डोळ्यांनी बघा म्हटलं. ते म्हणाले, पिवळं पाणी पाहून का करू?

हे सगळं नूरी दारातून ऐकत होती. आफ्रीन तिच्या खांद्यावर होती, डोकं टाकून. दुसऱ्या दिवशी ते चावलेलं बाहुलं माझ्या कपाटातून नाहीसं झालं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "धुरपताबाईच्या हातानं पाठवलं. त्यांच्या शिवेवर."

"भाभी, तुम्हीसुद्धा?"

"तुह्या नळीवर इस्वास नाई असं नाई," ती म्हणाली. "पन नळीनं सांगतलं का झालं ते. जाईल कसं ते नाई सांगतलं. मी दरग्यावरबी गेली, नागपूरलेबी जातो. जे कोनी म्हनन ते करतो मी."

नागपूरला नेलं, रक्त दिलं. निकाल यायला वेळ होता.

तोवर शेडमध्ये मशीनचे दांडे खाली-वर होत राहिले. गरम प्लॅस्टिकच्या वासाला आता मला एक गोडसर झाक जाणवत होती, आणि ती खरीच आहे की मला माहीत झाल्यामुळे आहे, हे ठरवता येत नव्हतं. ग्राइंडरमधून उडणारी विटकरी धूळ जिशानच्या केसांत, कपड्यांवर बसे. त्याच कपड्यांनी तो आफ्रीनला उचलून घेई. मी त्याला दारातच कपडे बदलायला लावायचे. तो चिडायचा, पण बदलायचा.

पोळ्याला आठवडा उरला होता. सकाळची वेळ. नूरी चहाची किटली घेऊन शेडमध्ये आली होती. बायका रबर ओवत होत्या, धुरपता कुणाच्या तरी सासूची नक्कल करत होती. वारलू आला, त्याने ग्राइंडरपुढे पोतं पालथं केलं. लाल बाहुल्यांचा ढीग सुटला आणि त्यातला एक घरंगळत नूरीच्या पायाशी येऊन थांबला.

कंदील तुटलेला. डावा पाय चपटा. पायावर लहान दातांच्या खुणा, आणि त्या खुणांत भरलेला शेंदूर.

नूरीने किटली खाली ठेवली. बाहुलं उचललं आणि छातीशी धरलं, जसं आफ्रीनला धरते तसं. मग अब्बांपुढे गेली.

"अब्बा, हे मी भायेर पाठवलं होतं."

अब्बांनी मशीनचा दांडा सोडला. पण बघत होती ती धुरपता. तिने ते बाहुलं ओळखलं होतं. तिनेच ते आपल्या हाताने शिवेवर ठेवलं होतं, तोंड बाहेर करून. ती उठली आणि ढिगाजवळ आली. पदराने हात झाकून तिने एकेक लाल बाहुलं उलटं करून पाहिलं. एकावर थांबली. त्याच्या गळ्यात काळा दोरा होता.

"हा आमच्या घरचा," ती म्हणाली. "माह्या नातवाचा. दोरा मीच बांधला." मग तिने ग्राइंडरकडे पाहिलं, दाण्याच्या विटकरी ढिगाकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं, आणि शेवटी स्वतःच्या मांडीवरून खाली ठेवलेल्या, नुकत्याच ओवलेल्या नव्या जागल्याकडे.

"म्हनजे हेच का ते, भाऊ? आमचंच?"

अब्बा म्हणाले, "धुरपताबाई, वितळलं की..." आणि थांबले.

बायका उठल्या. कुणी ओरडलं नाही. रबराचे तुकडे झटकून, चपला घालून, एकामागून एक बाहेर गेल्या. वारलूचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मले वाटलं आगीत जाते," तो म्हणाला, कुणालाही उद्देशून नाही. रिकामं पोतंही न घेता त्याने सायकल काढली.

माझ्या नळीने दोन आठवड्यांत एक मशीन थांबवली नव्हती. त्या सकाळची गोष्ट बसमधून, बाजारातून, लग्नाच्या मांडवातून गेली आणि पोळ्याच्या आत दोन जिल्ह्यांत जागल्याला हात लावणारा माणूस उरला नाही. दुकानदारांनी खोकी रस्त्यावर ठेवली. गुणाबाईने निरोप पाठवला, तो जिशाननेच आणला: "इरघळत नाई म्हनून इस्वास केला होता."

मारबतीच्या दिवशी सकाळी मी शेडचं दार आतून उघडायला गेले, तर दार उघडेना. बाहेरून काहीतरी टेकलं होतं. मागच्या गल्लीतून फिरून पुढे आले.

दारापुढे जागल्ये उभे होते. रस्त्याच्या कडेपर्यंत. काही विटकरी, काही जुने खाकी, सगळ्यांना ताजा शेंदूर. दरवेळी त्यांची तोंडं गावाबाहेर असत. आज ती आमच्या दाराकडे होती. दुसऱ्या दिवशी आणखी होते. मूलकडून, सिंदेवाहीकडून, कुठून कुठून लोक पहाटे बसने येत, ठेवत, आणि मागे न बघता जात. कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. नुसतं आमचं आम्हाला परत दिलं.

अब्बा उंबऱ्यात बसले होते. त्यांचा चेहरा त्या सगळ्या डोळ्यांपुढे लहान दिसत होता.

"जाळून टाकू," जिशान म्हणाला.

"धुरात शिसं जाईल," मी म्हटलं. "सगळ्या मोहल्ल्यात."

"मंग गाडू."

"विहीर आहे मागे."

"नदीत?"

"नदीच्या खालच्या अंगाला गावं आहेत."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग याची शीव कुठी आहे, निशात?"

त्याच दिवशी नागपूरचा निकाल आला. आफ्रीनच्या रक्तात शिसं होतं, पुष्कळ. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि म्हणाले, गेलेलं सगळंच परत येईल असं नाही. अब्बांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि गवंडी बोलावला. सगळे जागल्ये, सगळा दळलेला दाणा पोत्यांत भरून शेडच्या मागच्या खोलीत रचला, आणि दार-खिडकी विटांनी बंद केली. "कोनाच्याच शिवेवर नाई," ते म्हणाले. "आमचं आमच्याजवळ राहीन." मशीन विकल्या. त्यानंतर त्या भिंतीपुढे खाट टाकून ते दिवसभर बसत. शेजारी थट्टेने म्हणत, हाफिजभाऊ, तुम्हीच जागल्या झाले. ते हसत नसत.

आफ्रीनचे शब्द सावकाश आले. पानी आलं, अम्मी आलं. दीड वर्षाने एका संध्याकाळी तिने माझा पदर ओढला आणि खूप वेळ तोंड उघडं ठेवून, शोधून, 'फुप्पी' म्हणाली. नूरी स्वयंपाकघरातून धावत आली. त्यानंतरही प्रत्येक शब्दाआधी ती असं थांबते, जणू तो आतल्या खोलीतून आणायचा असतो.

अब्बा दोन हजार तीनच्या हिवाळ्यात गेले. त्यांची खाट उचलली गेली.

मी आता ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. या चैत्रात महाकालीच्या यात्रेहून नूरी आणि आफ्रीन परत आल्या, तेव्हा आफ्रीन शिट्टी फुंकत आली. नऊ वर्षांची झाली आहे. जे बोलता येत नाही ते ती फुंकते, असं नूरी म्हणते. शिट्टी विटकरी रंगाची होती. टोकाला दातांच्या खुणा पडायला लागल्या होत्या.

मी शेडच्या मागे गेले. पुढची भिंत जशीच्या तशी होती. मागच्या गल्लीकडच्या बाजूला, पोतं बाहेर निघेल एवढ्या जागेत, गिलावा नवा होता. मी दगडाने तो फोडला आणि आत पाहिलं. पुढच्या भिंतीला लागून पोत्यांची एक रांग होती. तिच्यामागे खोली रिकामी होती.

जिशान अंगणात मोटरसायकल पुसत होता.

"कोणाला दिलं?"

त्याने मान वर केली नाही. "भायेरचा व्यापारी होता. दाना म्हनून घेतला. अब्बा गेल्यावर का राखत बसाचं होतं?"

"तुला माहीत होतं आत काय आहे."

"वितळलं की सारं सारखंच असते, निशात," तो म्हणाला. आवाज हुबेहूब अब्बांचा होता.

शनिवारी मी शिट्टी घेऊन प्रयोगशाळेत गेले. आफ्रीन हट्टाने बरोबर आली आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. मी शिट्टीचा तुकडा कापला, जाळला, राख ॲसिडमध्ये घेतली, गाळली. थेंब टाकले. पिवळं दाटलं. या वेळी मी नळी तापवली, का ते सांगता येत नाही. रंग विरघळून पाणी स्वच्छ झालं, क्षणभर वाटलं की काही नव्हतंच. मग नळी निवत गेली आणि उन्हात त्यातून सोनेरी पत्रे चमकत, वळत, खाली उतरायला लागले.

आफ्रीन स्टुलावरून उतरून जवळ आली. तोंड उघडं ठेवून तिने शब्द शोधला.

"फुप्पी," ती म्हणाली. "सोनं."

"हो."

"अजून."

आणि माझं उत्तर येण्याआधी तिने फ्रॉकच्या खिशातून दुसरी शिट्टी काढली, आनंदाने ओठांत धरली, आणि फुंकली.